औषध चालू असलेल्या जनावराचं शेण बायोगॅसमध्ये टाकावं का, आणि ती स्लरी भाजीला चालते का?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात तुमचा गोठा आहे, ९ म्हशी आणि ५ संकरित गाई. २ घनमीटरचा बायोगॅस प्लांट आहे. त्यातून बाहेर पडणारा पातळ शेणकाला, म्हणजे स्लरी, संत्र्याच्या आळ्यात आणि दहा गुंठे भाजीपाल्यात जाते, उरलेलं शेण उकिरड्यावर. वर्षातून सहा-सात वेळा कुणाला ना कुणाला दगडी (कासेची सूज, मस्टायटिस) होते. मग सेफ्ट्रियाक्झोन, कधी एन्रोफ्लॉक्सासिन, आणि गोचीडतापात ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचलं जातं. ही प्रतिजैविकं, म्हणजे जिवाणू मारणारी औषधं, शेणातून शेतात उतरतात असं ऐकल्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: बायोगॅसमध्ये औषध मरतं का, स्लरी भाजीला द्यावी का, आणि शेजारच्या पोल्ट्रीचं स्वस्त खत घ्यावं का.

उत्तराला हात घालण्याआधी एक गाठ सोडवावी लागेल. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या गेल्या आहेत. एक म्हणजे औषधाचा उरलेला अंश. दुसरी म्हणजे त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू, जे औषध चालू असताना जनावराच्या आतड्यात वाचतात, वाढतात आणि शेणातून बाहेर पडतात. औषध संपलं म्हणून हे जिवाणू संपत नाहीत, आणि जिवाणू मेले म्हणून औषध संपलं असंही होत नाही. दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा आहे. तुम्ही नाव घेतलेली तीन औषधं या बाबतीत तीन तऱ्हेची निघतात.

सेफ्ट्रियाक्झोन हे पेनिसिलिनच्या भाऊबंदांतलं. शेणातले जिवाणूच त्याचा रेणू फोडतात, ढिगात ते फार दिवस तग धरत नाही. म्हणजे अंशाची काळजी कमी. पण माणसाच्या दवाखान्यात गंभीर आजारात हेच औषध सलाइनमधून देतात, आणि त्याला दाद न देणारे ई. कोलाय नावाचे जिवाणू जनावराच्या आतड्यात तयार झाले तर ते शेणातून सरळ अंगणात येतात. इथे औषधापेक्षा जिवाणूची भीती मोठी.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचं तसं नाही. त्याचा मोठा भाग शरीरात न मोडता लघवीतून आणि शेणातून बाहेर पडतो. हिशेब करून पाहा. ४०० किलोच्या म्हशीला लांब पल्ल्याचं (एकदा टोचून अनेक दिवस काम करणारं) इंजेक्शन किलोमागे २० मिलिग्रॅमने दिलं, म्हणजे ८ ग्रॅम औषध गेलं. मिलीमागे २०० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतलं ते ४० मिली होतं. निम्मं बाहेर पडलं असं धरलं तरी ४ ग्रॅम. ते पंधरा दिवसांच्या अडीचशे-तीनशे किलो शेणात आणि त्याबरोबरच्या लघवीत पसरतं. हे औषध कॅल्शियम-मॅग्नेशियमला आणि मातीच्या कणांना चिकटतं. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, त्यामुळे ते पाण्याबरोबर खोल जाण्यापेक्षा वरच्या थरात अडकून बसतं. चांगली गोष्ट अशी की उष्णतेने ते मोडतं.

एन्रोफ्लॉक्सासिन सर्वांत चिवट. शरीरात त्याचा एक भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे मेडिकलमध्ये माणसासाठी मिळणारी तीच गोळी. शेणाला आणि मातीला ते घट्ट धरून बसतं आणि ढीग तापला तरी पूर्ण जात नाही. उन्हाने फुटतं, पण ऊन ढिगाच्या कातडीपलीकडे पोचत नाही. या औषधावर शेणखताच्या टोकाला फारसा इलाज नाही. तो सिरिंज भरण्याआधीच करावा लागतो. त्याकडे शेवटी येतो.

सल्फा तुम्ही लिहिलेलं नाही, पण हगवणीत अनेक जण देतात म्हणून सांगतो. ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीतून जातं. शरीर त्याला निकामी रूप देतं खरं, पण शेणाच्या ढिगात त्यातला काही भाग पुन्हा मूळ रूपात येतो. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा असेल तर सर्वांत आधी याचाच विचार करा.

दुधाचे दिवस म्हणजे शेणाचे दिवस नव्हेत

इथे बहुतेक जण फसतात. बाटलीवर दूध किती दिवस विकू नये ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर २०१२ सालापासून औषध नियमांत किमान मर्यादा आहे: दूध आणि अंड्यांसाठी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. हे आकडे माणसाच्या पोटात काय जातं ते पाहून ठरलेत. शेणातून औषध किती दिवस येतं याच्याशी त्यांचा संबंध नाही. काही औषधांवर दुधाची मुदत शून्य दिवस लिहिलेली असते, म्हणून शेणही स्वच्छ असं कुणी समजू नये.

वापरण्याजोगा ढोबळ नियम असा. साध्या इंजेक्शनचा कोर्स असेल तर कोर्सचे दिवस आणि पुढे १० दिवस त्या जनावराचं शेण-मूत वेगळं. लांब पल्ल्याचं ऑक्सिटेट्रासायक्लिन असेल तर टोचल्यापासून किमान १५ दिवस. आयव्हरमेक्टिन हे प्रतिजैविक नाही, जंत-गोचिडाचं औषध आहे, पण ते मुख्यतः शेणातूनच बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. टोचल्यापासून ३ ते ४ आठवडे ते शेण गांडुळाच्या बेडवर नको. जनावराचं वय, आजार, मूत्रपिंडाची अवस्था यावर हे दिवस मागेपुढे होतात. पण गोठ्यावर रोज पाळता येईल असा आकडा हवाच, नाहीतर कुणीच काही पाळत नाही.

बायोगॅसमध्ये औषध मरतं का?

काही मरतं, काही अर्धवट, काही मुळीच नाही. पेनिसिलिन गटातलं मोडतं, टेट्रासायक्लिन काही प्रमाणात कमी होतं, एन्रोफ्लॉक्सासिन तळाच्या गाळाला चिकटून बसतं आणि गाळाबरोबर बाहेर येतं. दाद न देणारे जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. कारण साधं आहे: गॅस प्लांट कोमट असतो, गरम नाही. आत ३५ अंश मिळाले तर गॅस उत्तम. पण ३५ अंश म्हणजे आतड्यातल्या जिवाणूला घरच्यासारखंच. डिसेंबर-जानेवारीत तर स्लरी २० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा गॅसही कमी आणि जिवाणूंची मरही कमी.

त्यात मुक्कामाचा घोळ आहे. आपल्याकडचे प्लांट साधारण ४० दिवसांच्या मुक्कामाच्या हिशेबाने बांधलेले असतात. पण आज टाकलेलं शेण बरोबर एकेचाळिसाव्या दिवशी बाहेर येतं असं नाही. टाकीत ढवळ होते आणि आजच्या घमेल्यातला काही भाग आठवड्यातच आउटलेटला पोचतो. आत वर साय धरली असेल, तळाला गाळ बसला असेल, तर वापरातली जागा कमी होऊन हा शॉर्टकट आणखी जवळचा होतो.

“औषध दिलं तेव्हा ज्योत कमी झाली नाही, म्हणजे प्लांटने पचवलं” हा तुमच्या प्रश्नातला तर्क टिकत नाही. १४ जनावरांत एकाला औषध चालू असेल तर प्लांटमध्ये जाणारं प्रमाण इतकं पातळ होतं की गॅस करणाऱ्या जिवाणूंना ते जाणवत नाही. ज्योत पडते ती अख्ख्या गोठ्याला एकदम औषध दिलं, किंवा फिनाइलचं पाणी नालीतून प्लांटात गेलं तर. ज्योतीवरून औषधाचा अंदाज बांधू नका.

आता तुमच्याच गोठ्याचा आकडा घ्या. १४ जनावरं सरासरी १५ किलोने धरली तरी रोज २०० किलोच्या वर शेण पडतं. २ घनमीटरच्या प्लांटला लागतं साधारण ५० किलो, तेवढ्याच पाण्यात कालवून. म्हणजे तीन-चार निरोगी जनावरांच्या शेणावर प्लांट आरामात चालतो. औषध चालू असलेल्या म्हशीचं शेण त्यात घालायची गरजच नाही. बायोगॅसला औषध मारायची टाकी समजू नका. तिचं काम गॅस देणं, तेवढंच तिच्याकडून घ्या.

मग ते शेण कुठे? गरम ढिगात

औषध चालू असलेलं जनावर गोठ्याच्या एका टोकाला, उताराच्या खालच्या बाजूला बांधा, म्हणजे त्याची लघवी बाकीच्यांच्या पायाखालून वाहणार नाही. खाली रोज ४-५ किलो सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) अंथरा. लघवी शोषली गेली पाहिजे हे लक्षात ठेवा, कारण पेनिसिलिन गट आणि सल्फा शेणापेक्षा लघवीतूनच जास्त जातात. नुसतं शेण उचलून लघवी नालीत सोडली तर अर्धं काम वाया. ते भिजलेलं कुटार शेणासकट ढिगाकडे न्या.

आता खरी अडचण. एका म्हशीचं पंधरा दिवसांचं शेण अडीचशे-तीनशे किलोच भरतं, आणि एवढा लहान ढीग तापत नाही. उष्णता धरायला किमान घनमीटरभर माल लागतो, आणि वाऱ्यावर उघडा असेल तर त्याहून जास्त. म्हणून वेगळं काढलेलं शेण एकटं ठेवायचं नाही. निरोगी जनावरांचं ५००-६०० किलो शेण त्यात मिळवून एकूण ८०० किलोच्या आसपास करा. वेगळं काढायचं आणि पुन्हा मिसळायचं, मग फरक काय राहिला, असं वाटेल. फरक हा की इथे सगळं तापणार आहे. बायोगॅसमध्ये ते कोमट राहून भाजीवर गेलं असतं.

कुटाराचं प्रमाण: १०० किलो ताज्या शेणाला ३० ते ४० किलो कोरडं कुटार. ताज्या शेणात ८० टक्के पाणी असतं, आपल्याला ढीग ६०-६५ टक्क्यांवर आणायचा आहे, त्यावरून हा आकडा येतो. वजनाने थोडं वाटलं तरी आकाराने कुटार शेणाच्या चौपट-पाचपट भरतं, घाबरू नका. सोयाबीन, तूर, हरभरा यांचं कुटार चांगलं, कारण त्यात नत्र बऱ्यापैकी असतो. गव्हाचा भुसा असेल तर थोडा कमी घ्या आणि गोमूत्र शिंपडा, पण ते निरोगी जनावराचंच. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) अख्ख्या घालायच्या नाहीत. श्रेडरमधून बोटाच्या पेरापेक्षा लहान करून घ्या. अख्ख्या पऱ्हाटीचा उपयोग एकाच ठिकाणी: ढिगाच्या तळाशी वीतभर थर, म्हणजे खालून हवा खेचली जाते.

जागा मुरूम दाबून घट्ट केलेली, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, विहिरीपासून आणि नाल्यापासून किमान ३० मीटर दूर आणि खालच्या अंगाला. नुसत्या काळ्या मातीवर नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी ढिगातला अर्क घेऊन त्या भेगांत उतरतं. ढिगाचा तळ दोन मीटर बाय दीड मीटर, उंची सव्वा मीटर. त्यापेक्षा उंच केलात तर खालचा माल स्वतःच्या वजनाने दबून गच्च होतो आणि आत हवा राहत नाही.

रचताना वेगळं काढलेलं शेण मध्यभागी, चारी बाजूंनी आणि वरून निरोगी शेण-कुटाराचं किमान वीतभर जाड आवरण. कडेचा भाग कधीच पुरेसा तापत नाही, म्हणून तिथे संशयाचा माल नको. सगळ्यात वर दोन बोटं कोरडं कुटार.

दोन-तीन दिवसांत आत ५५ अंशांच्या वर तापमान गेलं पाहिजे. लांब दांडीचा धातूचा थर्मामीटर घ्या, ढिगाच्या पोटात दीड-दोन फूट खुपसून तीन ठिकाणी मोजा. सळई खुपसून दहा मिनिटांनी हात लावून पाहण्याची पद्धत ढीग तापलाय की नाही एवढंच सांगते. ४८ आहे की ५८, ते सांगत नाही, आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा आहे. ५५ च्या वर ढीग एकूण १५ दिवस राहिला पाहिजे आणि त्या काळात किमान ५ वेळा पलटी झाली पाहिजे. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी. पलटी म्हणजे वरखाली ढवळणं नव्हे: बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर. पहिल्या पलटीला घाई करू नका, तापमान ५५ वर गेल्यानंतर तीन दिवस मधला भाग तसाच राहू द्या. ७० च्या वर गेलं तर लगेच पलटी करा, नाहीतर मोडणारे उपयोगी जिवाणूही मरतात आणि ढीग मध्येच थंडावतो.

पंधरा दिवसांनंतर खत झालं असं नाही. पुढे दोन ते तीन महिने ते मुरू द्या. तापलेल्या ढिगात दाद न देणारे जिवाणू मरतात, पण त्यांच्यातली जनुकं, म्हणजे औषधाला तोंड देण्याची “कृती” लिहिलेला भाग, मेलेल्या पेशीतूनही काही काळ शिल्लक राहतो आणि दुसरा जिवंत जिवाणू तो उचलू शकतो. मुरण्याच्या काळात दुसऱ्याच जातीचे सूक्ष्मजीव ढिगाचा ताबा घेतात आणि हा साठा कमी होत जातो. सगळा जात नाही हेही सांगून ठेवतो. टेट्रासायक्लिनची जनुकं बऱ्यापैकी उतरतात, सल्फाची मात्र चिवटपणे राहिलेली अनेक चाचण्यांत दिसली आहेत. शून्यावर आणणं कुणाच्याच हाती नाही. औषध कधीच न घेतलेल्या जनावराच्या आतड्यातही असे काही जिवाणू असतातच.

ढीग बिघडतो तो ठरलेल्या चार-पाच कारणांनी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतं, वाऱ्याने ढीग वरून वाळतो, आत ४० टक्क्यांखाली पाणी जातं आणि काम थांबतं. हात लावला तर गरम लागतो, पण तो उन्हाचा गरमपणा. मुठीत माल दाबल्यावर बोटांतून एखाद-दोन थेंब यावेत. येत नसतील तर पलटीच्या वेळी थराथरावर पाणी शिंपडा आणि वर ओली बारदानं टाका. पावसाळ्यात उलट. ताडपत्री सैल टाका, कडेने हवा राहू द्या, नाहीतर आत आंबून सडका वास येतो. अमोनियाचा डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, कुटार वाढवा. ढीग मुळीच तापत नसेल तर बहुतेक वेळा शेण फार ओलं आणि कुटार कमी पडलेलं असतं.

आणि एक चूक, जी फार कमी जणांच्या लक्षात येते. ज्या फावड्या-घमेल्याने सकाळी ताजं शेण ओढलं, त्यानेच संध्याकाळी मुरलेलं खत भरायचं. किंवा मुरलेल्या ढिगावर “एक पाटी टाकून दे” म्हणून ताजं शेण टाकायचं. खत गार झालं की त्यात वाढायला जागा मोकळी असते. तिथे नवे जिवाणू नेऊन सोडलेत तर पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. मुरलेल्या खताला वेगळं फावडं, आणि बंडी किंवा ट्रॉली भरण्याआधी धुऊन, वाळवून.

गांडूळखताचं सांगायचं तर गांडुळांचा बेड थंडच ठेवावा लागतो, त्यामुळे तो जिवाणू मारण्याचा उपाय होत नाही. आधी गरम ढीग, मग गांडूळ, या क्रमाने गेलात तर हरकत नाही.

जीवामृताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या भागात घरोघरी होतं म्हणून जरा थांबतो. १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि २०० लिटर पाणी. यात गूळ-बेसन हे जिवाणूंचं खाद्य आहे, संख्या वाढावी म्हणूनच ते घालतात. आता ज्या गाईला काल सेफ्ट्रियाक्झोन दिलं तिचं शेण-मूत त्यात पडलं, तर आपण नेमके वाचलेले, दाद न देणारे जिवाणू वाढवतो. मग तेच पालक-सांभारावर (सांभार म्हणजे कोथिंबीर) फवारतो. शेणाच्या सगळ्या वापरांत मला हा सर्वांत वाईट वाटतो. जीवामृताला गेल्या महिनाभरात कुठलंही औषध न मिळालेलं जनावरच घ्या.

स्लरी कुठे द्यावी

निरोगी जनावरांच्या शेणाची स्लरी असली तरी कच्ची स्लरी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी ही जोडी टाळा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत एक मोजमाप आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल (मुळा, गाजर, मेथी, पालक, सांभार, कांदा) तर कच्चं शेणखत आणि काढणी यात किमान १२० दिवस, मातीला लागत नसेल तर ९० दिवस. मेथी-सांभार महिना-दीड महिन्यात निघते, म्हणजे उभ्या पिकात स्लरी बसतच नाही. तिथे फक्त तापवून मुरवलेलं खत.

संत्र्याला सोपं आहे. फळ उंच, आळ्यात स्लरी, खोडाला लागू न देता मातीत मिसळून. आंबिया बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं) फळ ऑक्टोबरपासून तोडणीला येतं, म्हणून जूनअखेरनंतर कच्ची स्लरी बंद ठेवली की ९० दिवस पाळले जातात. गळलेलं फळ आळ्यातून उचलून खाऊ नये. जाता जाता, खैऱ्या (पाना-फळांवर खरबरीत डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) आवरायला संत्र्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन मारत असाल तर तेही प्रतिजैविकच आहे, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. खाली आळ्यात शेणाची काळजी आणि वर पंपातून तेच, असं होऊ देऊ नका.

शंका असलेला माल सगळ्यात निर्धास्तपणे जातो तो कपाशीला. मिरगाआधी शेतात पसरायचा आणि त्याच दिवशी वखरून मातीआड करायचा. धुऱ्याला (शेताच्या बांधाला) ढिगोळे करून पावसाची वाट पाहत ठेवायचे नाहीत. पहिल्या सरीला तो अर्क नाल्याला लागतो.

स्लरीच भाजीला द्यायची असेल तर तिचं खत करा. ती फार पातळ असते, म्हणून आधी खड्ड्यात हातभर कुटार भरून त्यावर थोडी थोडी ओता, पाणी झिरपून-वाळून लगदा झाला की वर सांगितलेल्या ढिगात घ्या. पण स्लरीतलं सहज जळणारं अन्न गॅस होऊन गेलेलं असतं, त्यामुळे एकटी ती नीट तापत नाही. ढिगात निम्मं तरी ताजं शेण हवं.

पोल्ट्रीचं खत

घ्यायला हरकत नाही, पण कच्चं शेतात टाकायला नको. ब्रॉयलरमध्ये औषध पाण्यातून सगळ्या कळपाला एकदम जातं, एकेका पक्ष्याला नाही. म्हणून त्या लिटरमध्ये (शेडमधल्या तूस-विष्ठेच्या थरात) पातळ करणारा निरोगी वाटा नसतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यजनावरांत बंद केलं, पण डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन, टायलोसिन वापरात आहेत. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: या बॅचला शेवटचं औषध कधी आणि कुठलं दिलं, आणि लिटर शेडमधून काढून किती दिवस झाले. उत्तर मिळालं नाही तर कच्चं समजूनच वागा.

लिटर कोरडं असतं, २५-३० टक्के पाणी, आणि नत्र फार. १०० किलो लिटरला १०० किलो पऱ्हाटीची कुट्टी आणि साधारण १५० लिटर पाणी, मग वरचाच ढीग आणि वरच्याच पलट्या. नुसता कोरडा ढीग रचून “तीन महिने पडू दिलं” म्हणजे काही होत नाही, पाण्याशिवाय तो तापतच नाही. आणि हे लिटर चुकूनही गुरांच्या खाण्यात जाऊ देऊ नका. त्यात मेलेला पक्षी दडलेला असला तर त्याच्या विषाने जनावर जातं.

फेकायचं दूध, बाटल्या आणि बाकीच्या गोष्टी

औषध चालू असताना फेकायचं दूध वासरांना पाजू नका, गॅसमध्ये ओतू नका. त्यात औषध शेणापेक्षा दाट असू शकतं, आणि वासराच्या आतड्यात ते थोड्या थोड्या मात्रेत जाऊन दाद न देणारे जिवाणूच घडवतं. ते दूध गरम ढिगाच्या मध्यभागी कुटारावर शिंपडा, एका वेळी दहा लिटरपेक्षा जास्त नको. अर्धी राहिलेली बाटली नालीत ओतायची नाही. सुया-बाटल्या डॉक्टरांकडे परत. खुरांसाठी मोरचुदाचं पाणी वापरत असाल तर ते ना प्लांटमध्ये ना ढिगात. त्यातलं तांबं कधीच मोडत नाही, आणि तांब्याला तोंड देणारे जिवाणू बरेचदा औषधालाही तोंड देतात.

उपचार चालू असताना जनावर दगावलं तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. गडचिरोलीकडे उरलीसुरली गिधाडं आहेत. डायक्लोफिनॅक २००६ मध्ये, किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये त्यांच्यापायीच जनावरांसाठी बंद झाली. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम डॉक्टरांकडून मागून घ्या.

सिरिंजच्या टोकाला

एन्रोफ्लॉक्सासिन गरम ढिगातही पूर्ण मोडत नाही, असं वर म्हटलं. त्यामुळे दगडीत ते लागेलच का, हे आधी ठरवायला हवं. औषधाचा पहिला डोस देण्याआधी दुधाचा नमुना घ्या: सड स्पिरिटने पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडा, मग निर्जंतुक बाटलीत ५ ते १० मिली, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. कुठल्या औषधाला जिवाणू दाद देतो ही चाचणी करून मिळेल का ते तुमच्या डॉक्टरांमार्फत नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर संस्थेत विचारा. अंगात ताप असेल, कास लाल असेल तर निकालाची वाट न पाहता डॉक्टर औषध सुरू करतील, ते योग्यच. निकाल आला की औषध बदलता येतं. पण एकदा टोचल्यावर घेतलेल्या नमुन्यातून बरेचदा काहीच उगवत नाही, म्हणून नमुना आधी. वर्षाला सहा-सात वेळा दगडी म्हणजे १४ जनावरांत जास्तच आहे. धार काढल्यावर सड आयोडिनमध्ये बुडवणं आणि नंतर अर्धा तास जनावराला बसू न देणं, एवढ्यानेही आकडा उतरतो.

राहिला तुमचा सध्याचा उकिरडा, ज्यात काय काय मिसळलंय ते आता सांगता येणार नाही. तो एप्रिलमध्ये उकरा, ढेकळं फोडा, १०० किलोला १५-२० किलो कुटार आणि काही ताजं निरोगी शेण मिळवून, पाणी मारून नव्याने रचा. जुना माल अर्धा कुजलेला असल्याने ५५ पर्यंत जाईलच असं नाही. थर्मामीटर ५० वरच अडला तर सगळा माल कपाशीच्या शेतात वखराखाली घाला आणि या वर्षी भाजीच्या दहा गुंठ्यांत त्यातली एक पाटीही नेऊ नका.